अध्यक्षांचे टपाल

युद्धकाळातील पत्रांचे संग्रह सामान्यतः ती लिहिणाऱ्यांच्या नावाने प्रसिद्ध होतात. छावणीतून, रुग्णालयातून किंवा वेढ्यातून ज्याने लिहिले, त्याचे चरित्र संपादक प्रस्तावनेत देतो, त्याच्या हस्ताक्षराचा नमुना छापतो, त्याच्या शुद्धलेखनाविषयी टीपा जोडतो. ज्याच्या नावे पत्र आले त्याला मात्र माथ्यावरच्या मायन्यापलीकडे जागा मिळत नाही. साहित्याच्या अभ्यासातही पत्राकडे आत्माविष्काराचा एक प्रकार म्हणून पाहण्याची रीत रूढ झाली आहे आणि आविष्कार म्हटला की लक्ष आविष्कर्त्याकडेच जाते. वस्तुतः पत्र हा दोन माणसांमधला व्यवहार आहे. पत्र फोडून वाचणाऱ्या माणसावर त्या क्षणापासून काही येऊन पडते. काय येऊन पडते, हा नीतिविचाराचा प्रश्न आहे आणि तो बराचसा दुर्लक्षित राहिला आहे.

या प्रश्नाची नोंद भाषेने मात्र घेतलेली दिसते. मराठीत ज्याला 'जबाबदारी' म्हणतात तो शब्द फारसीच्या वाटेने आला, तो 'जवाब' पोटात घेऊन. पुढे शासनव्यवहारासाठी आणि ग्रांथिक लेखनासाठी जो संस्कृत पर्याय रूढ झाला, त्यातही 'उत्तर' आहेच : उत्तरदायित्व. दोन्ही शब्दांच्या मुळाशी एकच कल्पना आहे. ज्याला विचारले जाते आणि ज्याला उत्तर देणे भाग असते, तो जबाबदार. विचारलेच गेले नाही तर जबाबदारी नाही, असा याचा अर्थ कोणी काढू नये. परंतु विचारले गेल्यानंतर ती टाळता येत नाही, एवढे या शब्दांच्या घडणीतून निश्चितपणे सूचित होते.

दूर राहून युद्धाची वार्ता ऐकणाऱ्या पुरुषाचे भारतीय वाङ्मयातील आदिरूप म्हणजे धृतराष्ट्र. भगवद्गीतेच्या आरंभीचा त्याचा प्रश्न युद्धाच्या पहिल्या दिवशी विचारलेला आहे, असा सर्वसाधारण समज असतो. भीष्मपर्वातील क्रम वेगळा आहे. भीष्म पडल्याची वार्ता घेऊन संजय रणांगणावरून परत येतो, म्हणजे दहा दिवसांचे युद्ध होऊन गेलेले असते, आणि मग राजा सारे पहिल्यापासून ऐकू मागतो. जे घडून गेले त्याविषयी तो विचारतो आहे. ऐकत असताना तो शोक करतो, दैवाला दोष देतो, पुत्रांना दोष देतो. परंतु संजयाला तो कोणतीही आज्ञा देत नाही, कारण देण्यासारखी आज्ञा त्याच्यापाशी उरलेली नाही. त्याचे ऐकणे निष्फळ आहे. ज्याच्याकडे युद्धातून पत्रे येतात आणि ज्याच्या उत्तराने अजून काही घडू शकते, अशा माणसाची अवस्था यापेक्षा पुष्कळच बिकट म्हटली पाहिजे.

अशा एका माणसाचे उदाहरण अमेरिकेच्या यादवी युद्धात सापडते. एडवर्ड सोरिन हा १८१४ साली पश्चिम फ्रान्समध्ये जन्मलेला कॅथलिक धर्मगुरू. बाझील मोरो यांनी १८३७ च्या सुमारास ल माँ येथे स्थापन केलेल्या होली क्रॉस संघात तो सामील झाला, १८४१ मध्ये काही धर्मबंधूंसह अमेरिकेस गेला आणि १८४२ च्या नोव्हेंबरात इंडियाना राज्यातील साउथ बेंड या गावाजवळ, बर्फाच्छादित तळ्याकाठच्या अरण्यात, त्याने एक शाळा काढली. १८४४ मध्ये तिला राज्याची सनद मिळाली. आज नोत्र दाम विद्यापीठ म्हणून जगभर ओळखली जाणारी संस्था ती हीच. युद्ध सुरू झाले त्या १८६१ साली सोरिन तिचा अध्यक्ष तर होताच, शिवाय अमेरिकेतील आपल्या संघाचा धर्मवरिष्ठही होता. त्याच्याकडे तिसरेही एक पद होते, जे चरित्रकार गंमत म्हणून सांगतात आणि पुढे जातात. १८५१ पासून नोत्र दाम येथे स्वतंत्र टपालकचेरी होती आणि तिचा पोस्टमास्तर स्वतः सोरिन होता. रस्ता आणि रहदारी आपल्या संस्थेकडे वळावी म्हणून त्याने ही कचेरी मोठ्या खटपटीने मिळवली होती. म्हणजे युद्धातून आलेले पत्र प्रथम पोस्टमास्तर सोरिन यांच्या कचेरीत पडे, तेथून अध्यक्ष सोरिन यांच्या टेबलावर जाई आणि वरिष्ठ सोरिन यांनी त्याचे उत्तर द्यावे अशी अपेक्षा असे.

या टपालाची एक तांत्रिक बाजू आहे. १८६१ च्या उन्हाळ्यात उत्तरेकडील सरकारने सैनिकांना तिकीट न लावता पत्र धाडण्याची सवलत दिली. पाकिटावर 'सैनिकाचे पत्र' असे लिहून अधिकाऱ्याची सही घ्यायची, की ते रवाना होई. टपालहशील माफ नव्हते. अर्ध्या औंसाला तीन सेंट हा दर होता आणि तो पत्र घेणाऱ्याने भरायचा असे. छावणीत तिकिटे मिळत नाहीत, मिळाली तर पावसात एकमेकांना चिकटून जातात, एवढेच व्यावहारिक कारण या नियमामागे होते. तरीही पत्र मिळणाऱ्याच्या बाजूने विचार करणाऱ्याला हा नियम चटकन ओलांडून पुढे जाता येत नाही.

सोरिन यांच्याकडे लिहिणारे कोण होते? प्रथम त्यांनी स्वतः पाठवलेली माणसे. युद्धाच्या काळात होली क्रॉस संघाच्या सात धर्मगुरूंनी उत्तरेच्या सैन्यात 'चॅप्लेन' म्हणून, म्हणजे पलटणीचे धर्मगुरू म्हणून सेवा केली. विल्यम कॉर्बी आणि जेम्स डिलन न्यूयॉर्कच्या आयरिश ब्रिगेडबरोबर होते, पीटर पॉल कूनी इंडियानाच्या पस्तिसाव्या पलटणीबरोबर, जोसेफ कॅरिए १८६३ मध्ये व्हिक्सबर्गच्या वेढ्यात जनरल शर्मन यांच्या सैन्याबरोबर. सातांपैकी दोघे १८६२ सालीच वारले. दुसऱ्या होत्या धर्मभगिनी. १८६१ च्या ऑक्टोबरात इंडियानाचे गव्हर्नर मॉर्टन यांनी परिचारिकांची मागणी केली, तेव्हा सोरिन तळ्यापलीकडच्या सेंट मेरीज कन्याशाळेत मदर अँजेला गिलेस्पी यांच्याकडे गेले आणि अवघ्या एक-दोन दिवसांत पहिली तुकडी इलिनॉयमधील कैरो येथे जनरल ग्रँट यांच्यापुढे हजर झाली. त्यांतील कोणीही परिचारिकेचे शिक्षण घेतलेले नव्हते. त्या शाळेत मुलींना शिकवीत होत्या. मिसिसिपी आणि ओहायो नद्यांच्या संगमाजवळ माउंड सिटी येथे गोदामांचे रुग्णालय करण्यात आले, तेथे त्यांनी काम केले. १८६२ च्या अखेरीस 'रेड रोव्हर' या नौदलाच्या रुग्णालय-जहाजावरही त्या होत्या. या सर्वांखेरीज माजी विद्यार्थी होते. विल्यम लिंच या विद्यार्थ्याने युद्धापूर्वी महाविद्यालयात मुलांची एक कवायती तुकडी उभी केली होती. तो आणि त्याचे सोबती खऱ्या पलटणीत गेले. तिमथी हॉवर्ड हा तरुण १८६२ च्या एप्रिलात शायलोच्या लढाईत जखमी झाला आणि शिकवण्यासाठी परत आला.

एवढी माणसे पाठवणाऱ्याचे हेतू शुद्ध होते काय, असा प्रश्न साहजिक उपस्थित होतो. ते मिश्र होते, हेच प्रामाणिक उत्तर आहे. हजारो आयरिश आणि जर्मन कॅथलिक सैनिक अंतिम संस्कारांशिवाय मरत होते आणि धर्मगुरूला ही गोष्ट असह्य वाटणे स्वाभाविक होते. त्याच वेळी, कॅथलिक नागरिक पोपशी इमान राखतो की देशाशी, असा संशय उघडपणे व्यक्त करणारी राजकीय चळवळ अमेरिकेत १८५० नंतरच्या दशकात जोरात होती. काही ठिकाणी दंगली झाल्या होत्या. रणांगणावर मरणाऱ्यांची शुश्रूषा करणारी धर्मभगिनी हे त्या संशयाला दिलेले उत्तर ठरू शकते, हे सोरिन यांच्यासारख्या चाणाक्ष पुरुषाच्या ध्यानात आले नसेल असे मानणे म्हणजे त्यांना कमी लेखणे होय. ते स्वप्नाळू नव्हते. कर्ज, आगी आणि साथीचे रोग यांतून ज्याने संस्था टिकवली तो माणूस स्वप्नाळू असूच शकत नाही. परंतु हेतू मिश्र असल्यामुळे कृती दूषित होते, हे मत सर्वस्वी मान्य करता येत नाही. ताप आलेल्या सैनिकाच्या तोंडात पाणी घालणाऱ्या बाईला कोणी कशासाठी पाठवले, याने पाण्याच्या चवीत फरक पडत नाही. फरक पडतो तो पाठवणाऱ्याच्या पुढच्या वागणुकीत. तिचे पत्र तो कशासाठी वाचतो, तिच्यासाठी की तिच्या सेवेचा पुढे काय उपयोग होईल हे पाहण्यासाठी, येथे खरी कसोटी लागते.

या कसोटीला व्रताची आणखी एक गाठ आहे. पलटणीतील सामान्य शिपाई स्वेच्छेने भरती झाला असे म्हणता येते, निदान १८६३ पूर्वी. धर्मसंघातील व्यक्तीने आज्ञापालनाचे व्रत घेतलेले असते. वरिष्ठाने 'जाल काय?' असे विचारले, तरी त्या प्रश्नाला नकार देण्याची मोकळीक कितपत असते, याचे मोजमाप बाहेरच्याला करता येत नाही आणि आतल्यालाही करता येत नसावे. मदर अँजेला दुसऱ्याच दिवशी निघाल्या ही गोष्ट त्यांच्या तेजस्वी स्वभावाची द्योतक म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेही. तथापि ज्या तरुण भगिनी त्यांच्याबरोबर निघाल्या, त्यांच्या संमतीचा वाटा त्या तत्परतेत किती आणि व्रताचा किती, हे सांगणारी एखादी ओळ पत्रात सापडेल अशी आशा बाळगणे व्यर्थ आहे. कारण पत्र पुन्हा वरिष्ठालाच लिहिलेले असते.

हा मुद्दा वाङ्मयीन अभ्यासाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. त्या काळच्या धर्मसंघांत, तसेच कॅथलिक वसतिगृही महाविद्यालयांत, येणारी-जाणारी पत्रे वरिष्ठाने उघडून पाहण्याची पद्धत होती. लिहिणाऱ्याला ती ठाऊक असे. त्यामुळे वरिष्ठाला लिहिलेल्या पत्रात एक विशिष्ट स्वर येतो : प्रकृती ठीक असल्याचे आश्वासन, किती जणांना संस्कार दिले त्याचा हिशेब, एखादी मागणी आणि अखेरीस आशीर्वादाची याचना. फादर कूनी यांनी आपल्या सख्ख्या भावाला युद्धातून लिहिलेली पत्रे पुढे १९३० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झाली. पगाराच्या दिवशी आपल्या पलटणीतील शिपायांचे पैसे गोळा करून ते त्यांच्या घरी पोहोचवण्याचे कामही हा धर्मगुरू करीत असे. इतरांची बायकामुले ज्याच्या हिशेबवहीत होती, तो आपल्या घरी काय लिहितो हे वाचणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. भावाला लिहिणारा माणूस आणि वरिष्ठाला लिहिणारा माणूस एकच असला, तरी दोन ठिकाणी त्याचे मौन निरनिराळे असते. कुठे काय गाळायचे हे समोरच्यावर ठरते. तेव्हा वरिष्ठाच्या वाट्याला येणारे पत्र हे सत्याचा सर्वांत अपुरा पुरावा असण्याचा संभव अधिक. आणि निर्णय मात्र सर्वांत अधिक त्याच्याच हाती असतो. अधिकार जितका मोठा तितके कानावर येणारे सत्य कमी, हा अनुभव राजदरबारांपासून आजच्या कचेऱ्यांपर्यंत सगळीकडे येतो. अधिकाऱ्याने तेवढ्यासाठी अज्ञानाचा आसरा घेणे कितपत न्याय्य ठरते? आपल्यासमोर माणसे मोकळेपणी बोलत नाहीत, हे ज्याला कळते त्याच्यावर न लिहिलेले वाचण्याचे ओझे येते. ते ओझे नाकारणारा वरिष्ठ पत्रे वाचूनही निरक्षरच राहतो.

सोरिन यांच्यापुढची अधिक अवघड परीक्षा मात्र रणांगणावरच्या पत्रांतून आली नाही. ती आली कायद्यातून. ३ मार्च १८६३ रोजी अमेरिकन काँग्रेसने सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा संमत केला. तीत धर्मगुरूंना वा धर्मबंधूंना सूट नव्हती. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याने जावे, बदली माणूस द्यावा किंवा तीनशे डॉलर भरावेत. एका मजुराच्या वर्षाच्या कमाईच्या जवळपास जाणारी ही रक्कम होती आणि श्रीमंतांचे युद्ध गरिबांनी लढायचे काय, असा संताप त्याच वर्षीच्या जुलैत न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर रक्त सांडून गेला. होली क्रॉसचे धर्मबंधू हे दीक्षा न घेतलेले, परंतु व्रतस्थ असे लोक. शेती, सुतारकाम, स्वयंपाक, खालच्या वर्गांचे अध्यापन ही सारी कामे त्यांच्या खांद्यावर. ते गेले तर संस्था बंद पडणार आणि शस्त्र हाती धरणे त्यांच्या व्रताला धरून नव्हते. सोरिन यांनी सवलतीची विनंती थेट राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्यापर्यंत पोहोचवण्याचे ठरवले. विनंतीचा आधार कोणता? आमच्या संघाने इतके धर्मगुरू आणि इतक्या भगिनी राष्ट्राच्या सेवेत दिल्या आहेत, हाच.

येथे टपालाचे स्वरूप बदलते. माउंड सिटीच्या गोदामातून आलेले पत्र आतापर्यंत वाचणाऱ्याला बांधून घेणारे होते. आता ते पुराव्याचा कागद झाले. एका गटाच्या कष्टांवर दुसऱ्या गटाचे संरक्षण मागितले जाऊ लागले. त्यात काही गैर आहे काय? घरातील थोरल्या भावाने केलेल्या सेवेबद्दल धाकट्याला सूट मिळावी, अशी मागणी कोणत्याही शेतकरी कुटुंबाने केली असती आणि तिला कोणी अनैतिक म्हटले नसते. संघ हे कुटुंबच होते. शिवाय धर्मबंधूंचा दावा स्वतंत्रपणेही सबळ होता. पुढे १८६४ मध्ये शस्त्र धरण्यास धर्मतः असमर्थ असलेल्यांचा विचार कायद्यानेच अधिक स्पष्टपणे केला. म्हणून विनंती करण्यात दोष नव्हता, असेच म्हणावे लागते. दोष असलाच तर तो दिलेली गोष्ट दिलेली म्हणून सोडून न देता जमेच्या बाजूला मांडून ठेवण्यात आहे. दान आणि ठेव यांतला फरक इतकाच असतो की ठेव परत मागता येते.

मध्यस्थी कोणाची, हे पाहिले म्हणजे ही गोष्ट अधिकच बोचरी होते. जनरल विल्यम शर्मन यांची पत्नी एलेन कट्टर कॅथलिक होती आणि मदर अँजेलांची नातलग होती. शर्मन स्वतः चर्चपासून दूर राहत. मुले मात्र आईच्या धर्मात वाढत होती आणि त्यांतील काही नोत्र दाम व सेंट मेरीज येथे शिकली. थोरला मुलगा विली हा बापाचा विशेष लाडका. व्हिक्सबर्ग पडल्यावर १८६३ च्या उन्हाळ्यात शर्मन यांनी कुटुंबाला छावणीत बोलावून घेतले. तेथे विलीचे शिपायांनी कोडकौतुक केले. तेराव्या पायदळ पलटणीने त्याला मानाचा सार्जंट केले. परतीच्या वाटेवर बोटीत त्याला ताप चढला आणि ३ ऑक्टोबर १८६३ रोजी मेम्फिस येथील एका हॉटेलात तो विषमज्वराने वारला. तो नऊ वर्षांचा होता. त्याच्या उशाशी धर्मगुरू म्हणून होते ते सोरिन यांचे कॅरिए. मरणाविषयी या मुलाशी बोलण्याचे काम त्यांनाच करावे लागले.

त्यानंतर एलेन शर्मन यांनी नोत्र दामला लिहिलेले प्रत्येक पत्र एका शोकाकुल मातेचे होते आणि त्याच वेळी ते अशा एका स्त्रीचे होते, जिच्या शब्दाला सेनापतींच्या आणि मंत्र्यांच्या दालनात वजन होते. तिचा पालकभाव, भक्ती आणि पुत्रशोक ही सारी एकाच पाकिटात येत. तिने हे वजन संघासाठी वापरले, मनापासून वापरले आणि सवलत मिळण्यास तिची मदत झाली. सोरिन यांनी तिचे सांत्वन केले ते कार्य साधावे म्हणून, असा आरोप करणे अन्यायाचे होईल. दुःखितांचे सांत्वन हे त्यांचे व्रतच होते. परंतु उत्तर लिहायला बसलेल्या माणसाला स्वतःलाच आपल्या लेखणीतले कोणते वाक्य सांत्वनाचे आणि कोणते विनंतीचे, हे वेगळे करता येत असेल काय? दुसऱ्याच्या दुःखाशी आपली गरज एकदा बांधली गेली, की शुद्ध सहानुभूतीचा शब्दही संशयास्पद होतो. ही शिक्षा बाहेरचा कोणी देत नाही.

या सवलतीचा एक परिणाम १८६४ च्या शरदऋतूत दिसला. नोत्र दामच्या परिसरातील मतदार बहुतांशी धर्मबंधू होते. काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाचे तत्कालीन सभापती शायलर कोलफॅक्स हे साउथ बेंडचेच, रिपब्लिकन पक्षाचे. सवलत देणाऱ्या सरकारच्या बाजूने मते पडावीत, अशी सोरिन यांची अपेक्षा होती. बंधूंपैकी पुष्कळजण आयरिश. त्यांची सहानुभूती डेमोक्रॅटिक पक्षाकडे होती आणि त्यांनी तिकडेच मते टाकली. सवलत धोक्यात आली. सोरिन संतापले, हा कृतघ्नपणा आहे, मूर्खपणा आहे, असे त्यांना वाटले. प्रकरण पुढे निस्तरले गेले. चरित्रकार हा प्रसंग व्यवहारचातुर्याच्या सदरात घालतात. नीतीच्या दृष्टीने तो संपूर्ण कहाणीतील मर्माचा प्रसंग आहे. बंधूंनी सवलत मागितली नव्हती. ती त्यांच्यासाठी मागितली गेली होती. भगिनींनी आणि धर्मगुरूंनी जे दिले त्याच्या मोबदल्यात त्यांचे जीव वाचले, आणि आता त्या मोबदल्याचे व्याज म्हणून त्यांची मते मागितली जात होती. आज्ञापालनाचे व्रत मतपेटीपर्यंत पोहोचते काय? त्या बंधूंनी आपल्या परीने, कोणताही सिद्धांत न मांडता, ते पोहोचत नाही असे उत्तर दिले. ज्यांची पत्रे कोणी जपून ठेवली नाहीत, ज्यांना बहुधा फारशी पत्रे येतही नव्हती, त्या सुतारांचे आणि आचाऱ्यांचे हे एकमेव सामुदायिक लेखन म्हटले पाहिजे. वरिष्ठाला ते वाचता आले नाही.

या संतापाच्या दिवसांतच दुसरे एक मरण अगदी जवळ आले होते. एलेन शर्मन १८६४ मध्ये मुलांना घेऊन साउथ बेंडला येऊन राहिल्या. त्याच वर्षीच्या जूनमध्ये जन्मलेले तान्हे बाळ, चार्ल्स, त्यांच्याबरोबर होते. नोव्हेंबरात शर्मन यांनी अटलांटा सोडले, मागच्या तारा तोडल्या आणि साठ हजारांचे सैन्य घेऊन ते जॉर्जियातून समुद्राकडे निघाले. तीन-चार आठवडे त्यांना कोणतेही पत्र पोहोचू शकत नव्हते. पोहोचू नये अशी त्यांनीच व्यवस्था केली होती. ४ डिसेंबरला बाळ वारले. सव्हाना शहराजवळ पोहोचल्यावर उत्तरेकडून आलेल्या वर्तमानपत्रात शर्मन यांनी ती बातमी वाचली. त्या मुलाचे तोंडही त्यांनी पाहिले नव्हते. पत्राच्या नैतिक अर्थाचा विचार करताना हा प्रसंग उलट बाजूने उपयोगी पडतो. युद्धाचा सर्वांत निष्ठुर भाग पार पाडण्यासाठी सेनापतीला पत्रांच्या कक्षेबाहेर जावे लागले. ज्याला कोणी लिहूच शकत नाही, त्याच्यावर उत्तराचे बंधन नाही. आणि ती मुक्तता मिळताच पहिली जी बातमी मागे राहिली, ती त्याच्याच घरची.

टपालाच्या कक्षेबाहेर गेलेले दुसरेही एक जग होते. १८६१ च्या जूनपासून उत्तरेच्या सरकारने बंडखोर राज्यांशी टपाल बंद केले. युद्धबंदीच्या निशाणाखाली मर्यादित पत्रव्यवहार पुढे चाले, पण त्यासाठी पत्र एका पानाचे आणि उघडे असावे लागे. दक्षिणेतून आलेल्या विद्यार्थ्यांच्या पालकांचे शब्द आणि पैसे दोन्ही यात अडकले. राजधानीजवळच्या जॉर्जटाउन या जेझुइट महाविद्यालयाला याचा सर्वांत मोठा फटका बसला; तेथील विद्यार्थिसंख्या १८५९ मध्ये ३१३ होती, ती १८६१ मध्ये १७ वर आली. नोत्र दामला त्या मानाने कमी झळ लागली. परंतु येथेही प्रश्न उरतो. आलेल्या पत्रांना उत्तर देणे हे जर कर्तव्य, तर न आलेल्या पत्रांचे काय? सोरिन यांनी एक बाजू ठामपणे निवडली होती आणि गुलामगिरीवर उभ्या राहिलेल्या राज्यांविरुद्धची ती बाजू होती. ती निवड आज कोणी चुकीची ठरवणार नाही. तरी ज्याच्याकडे केवळ एका बाजूची पत्रे येतात त्याच्या शोकालाही एकच बाजू राहते.

२ जुलै १८६३ रोजी गेटिसबर्ग येथे आयरिश ब्रिगेड लढाईत उतरण्यापूर्वी फादर कॉर्बी एका शिळेवर उभे राहिले आणि सर्व सैनिकांना त्यांनी एकत्रितपणे पापक्षमा दिली. प्रत्येकाची कबुली ऐकण्यास वेळ नव्हता. शिपाई गुडघे टेकून बसले, मग उठून गव्हाच्या शेताकडे गेले आणि त्यांतले कित्येक परतले नाहीत. या प्रसंगाचे चित्र निघाले, १९१० मध्ये त्याच जागी पुतळाही उभा राहिला. परंतु कॉर्बी यांनी आपल्या आठवणी १८९३ च्या सुमारास प्रसिद्ध केल्या, तेव्हा त्यांना एका गोष्टीचा खुलासा करावासा वाटला. ती क्षमा आपल्या ब्रिगेडपुरती नव्हती. त्या दिवशी मरणाच्या दारी उभ्या असलेल्या दोन्ही बाजूंच्या माणसांसाठी ती होती. तीस वर्षांनी केलेला हा खुलासा खरा धरावा की वयोमानाने आलेले औदार्य समजावे, हा वाद इतिहासकारांचा. एवढे मात्र दिसते की, रणांगणावरून ज्या गोष्टी वरिष्ठाला लिहिण्याचे प्रयोजन नव्हते, त्यांतली ही एक होती.

कॉर्बी युद्धातून परतले आणि १८६६ मध्ये नोत्र दामचे अध्यक्ष झाले. सोरिन यांनी आदल्याच वर्षी ते पद सोडले होते. १८६८ मध्ये ते संपूर्ण संघाचे सर्वाधिकारी झाले आणि पुढची अनेक वर्षे त्यांनी अटलांटिक महासागर वारंवार ओलांडण्यात घालवली. एकेकाळी तंबूतून लिहिणारा माणूस आता अध्यक्षांच्या टेबलाशी बसून आलेली पाकिटे फोडू लागला. पाकिटे मात्र अजूनही सोरिन यांच्याच कचेरीतून येत होती. पोस्टमास्तरपद त्यांनी कोणाला दिले नाही. १८९३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्यांच्याच नावावर राहिले.